लेकीची कॉलेजांची यादी: वरून करायची की खालून?

गंगापूररोडची | ९ जुलै, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे नुसती वाचक. आज धागा काढतेय, कारण घरात महिनाभर एकच विषय चालू आहे आणि तो पुढे सरकत नाही.

लेक यंदा बारावी सायन्सला आहे. दहावी सीबीएसई, ९७ टक्के. अकरावी-बारावी राज्य मंडळ, नाशिकमध्येच, रोज खरोखर तास होणारं कॉलेज आहे. गणिताचं वेड. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी आयओक्यूएम पार करून दुसरीला, आरएमओला बसली, तिसरी आयएनएमओपर्यंत नाही पोचली. सॅट (अमेरिकेच्या प्रवेशासाठीची परीक्षा) १५३०. जेईईचा क्लास चालू आहे, मेनच्या सराव परीक्षांत ९८-९९ पर्सेंटाइलच्या आसपास असते. अ‍ॅडव्हान्स्डचं (आयआयटीसाठीच्या पुढच्या परीक्षेचं) काहीच सांगता येत नाही. पुढे गणित आणि कॉम्प्युटर सायन्स मिळून काहीतरी करायचंय.

कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. त्यांनी रंगीत यादी हातात दिली. 'ड्रीम': एमआयटी, स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन, कॉर्नेल, कार्नेगी मेलन. 'टार्गेट': जॉर्जिया टेक, इलिनॉयचं अर्बाना-शॅम्पेन, पर्ड्यू, यूसी सॅन डिएगो. 'सेफ': अ‍ॅरिझोना स्टेट आणि आणखी दोन. यादीत पैशाचा रकानाच नाही. विचारलं तर म्हणाले, "आधी अ‍ॅडमिशन तर होऊ दे, मग बघू."

आमचं खरं सांगते. दोघांचा पगार, राहतं घर न विकता वर्षाला १५ लाख जमतील, थोडं कर्ज काढून १८. त्यापुढे नाही.

इथल्या जेईई-सीईटीचं आणि तिथल्या अर्जांचं एकत्र गणित कसं बसवायचं? ही यादी बरी आहे का? सासूबाईंचं मत विचाराल तर के. के. वाघ इंजिनिअरिंग कॉलेज पंचवटीतच आहे, एवढी यातायात कशाला!

---

उंटावरचा शहाणा | ९ जुलै, रात्री १०.३१

सॅट १५३० आणि वर आरएमओ. मुलीचं अभिनंदन. सासूबाईंना +१. बाकी जाणकारांनी बोलावं, मी बसतो चिवडा घेऊन.

---

ओझर ते ओहायो | १० जुलै, सकाळी ६.५०

ताई, यादी बरी नाही. मुलगी कमी पडते म्हणून नाही, ही यादी दुसऱ्याच कोणत्या तरी घरासाठी केलेली आहे म्हणून.

तुमचे १५ लाख म्हणजे साधारण १६-१७ हजार डॉलर. नावाजलेल्या खाजगी विद्यापीठात फी, राहणं, जेवण, विमा धरून वर्षाचा खर्च ८५-९० हजार डॉलरच्या घरात जातो. मग मधलं अंतर कोण भरणार? तिथेच या यादीचं पितळ उघडं पडतं.

'टार्गेट' रकाना बघा. कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत देत नाहीत. जॉर्जिया टेक, अर्बाना-शॅम्पेन ही सरकारी विद्यापीठं. त्यांच्याकडून परदेशी पदवीच्या मुलाला भरीव मदतीची आशा धरू नका. पर्ड्यू त्यातल्या त्यात स्वस्त, तरी तुमच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. कार्नेगी मेलन तर 'ड्रीम'मध्ये टाकलंय, पण तेही पदवीच्या परदेशी मुलांना आर्थिक मदत देत नाही. म्हणजे प्रवेश मिळाला तरी नुसतं पत्र फ्रेम करून लावायचं. आणि वर कॉम्प्युटर सायन्स म्हटल्यावर अर्बाना-शॅम्पेनला 'टार्गेट' म्हणणं हे धाडसच आहे. विद्यापीठाचा एकूण प्रवेशदर वेगळा आणि त्या एका शाखेचा वेगळा, तो कितीतरी कमी असतो.

तुमच्यासाठी कॉलेजांचे तीनच गट आहेत.

पहिला: जिथे परदेशी मुलांचा अर्ज बघताना पैशाची गरज बघत नाहीत, आणि घेतलं तर पूर्ण गरज भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि अलीकडे ब्राउन. मूठभर. इथे सगळ्या जगातली हुशार पोरं रांगेत असतात.

दुसरा: गरज बघतात, म्हणजे मदत मागितली की दार थोडं अरुंद होतं, पण एकदा आत घेतलं की पूर्ण गरज भागवतात. स्टॅनफर्ड यातच येतं. पण तुमच्या कामाची आहेत ती लहान कॉलेजं: ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, कार्लटन, व्हॅसर. आणि मुलगी आहे म्हणून एक जास्तीचं दार: वेलस्ली, स्मिथ, ब्रिन मॉर, माउंट होल्योक ही महिला कॉलेजं. नाशिकमध्ये कुणी नाव ऐकलेलं नसेल, इथे पीएचडीच्या प्रवेश समित्यांना नीट माहीत असतात.

तिसरा: गुणांवर शिष्यवृत्ती देणारी. कितीही मोठी दिली तरी उरलेली रक्कम १७ हजारांच्या आत येते का, एवढंच बघायचं. बहुतेकदा येत नाही.

एका तासात कन्सल्टंटच्या यादीतली निम्मी नावं गळतील.

---

त्रिकोणमिती | १० जुलै, सकाळी ९.०५

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. त्यात थोडं गणित घालतो, धागा गणितवेडीचा आहे म्हणून.

पालक नेहमी म्हणतात, "प्रवेशदर ५ टक्के ना, मग २० ठिकाणी भरू, कुठेतरी लागेलच." कॉमन अ‍ॅपवर (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायचं संकेतस्थळ) मर्यादाही नेमकी २० कॉलेजांची आहे, त्यामुळे मोह होतो. प्रत्येक ठिकाणचा निकाल स्वतंत्र धरला तर वीसही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, साधारण ३६ टक्के. म्हणजे निदान एक होकार ६४ टक्के. ऐकायला छान वाटतं.

पण निकाल स्वतंत्र नसतातच! तोच निबंध, तीच शिफारसपत्रं, तोच सॅट, भारतातून आलेल्या अर्जांचा तोच ढीग. एका समितीला जी उणीव दिसली ती एकोणिसांना दिसणार. नाण्याला खोट असेल तर वीसदा उडवून काय होणार? शिवाय तो ५ टक्के दर सगळ्यांचा मिळून असतो. मदत मागणाऱ्या परदेशी मुलीचा त्याहून कमी.

म्हणून वरच्या गटातली नावं वाढवून यादी सुरक्षित होत नाही, नुसती लांब होते.

---

गंगापूररोडची | १० जुलै, दुपारी १.२०

ओझर ते ओहायो, तुमचा प्रतिसाद लेकीला दाखवला. आधी फुगली, मग म्हणाली, "बरोबर आहे." महिला कॉलेजांचं ऐकून मात्र चेहरा पडला. तिला वाटतं तिथे गणित 'हलकं' असेल. आणि एवढी लहान कॉलेजं, दोन-अडीच हजार मुली, दोन वर्षांत गणिताचे विषयच संपले तर?

आणि दुसरं: यातलं 'सेफ' कुठलं? तुमच्या यादीत खात्रीचं एकही नाही.

---

ओझर ते ओहायो | १० जुलै, संध्याकाळी ५.४०

प्रश्न चोख आहे, तिला शाबासकी द्या. लहान कॉलेजात पुढे गेलेल्या पोरीचे विषय संपतात, हे खरंच होतं. म्हणून शेजार बघायचा. वेलस्लीच्या मुलींना एमआयटीत विषय घेता येतात. स्मिथ आणि माउंट होल्योक या अ‍ॅम्हर्स्ट, हॅम्पशर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट शाखेबरोबर पाच कॉलेजांच्या संघात आहेत. तिथल्या मोठ्या विद्यापीठातले वरच्या पातळीचे विषय उघडे असतात. ब्रिन मॉरचं हॅवरफर्ड, स्वार्थमोर आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी असंच आहे. ग्रिनेलला ही सोय नाही. आयोवात आहे, चारी बाजूंनी मका. कॉलेज उत्तम आहे, पण हा फरक यादी करताना धरायला हवा.

प्रत्येक कॉलेजच्या गणित विभागाचं पान उघडून गेल्या दोन वर्षांत खरोखर शिकवलेले विषय बघायला सांगा. पुस्तिकेतले नव्हे, शिकवलेले.

आणि सेफ: तुमच्या बजेटला अमेरिकेत सेफ नावाची वस्तूच नाही. प्रवेश खात्रीचा असेल तिथे पैसा नाही, पैसा असेल तिथे प्रवेश खात्रीचा नाही. अ‍ॅरिझोना स्टेटला ती नक्की लागेल हो, पण पुढे? तुमचं सेफ इथे अमेरिकेत नाहीच, ते तिकडे भारतात आहे. अमेरिकेची यादी म्हणजे तुमच्या घरासाठी वरचा मजला, जमला तर बांधू. पाया जेईई-सीईटीच्या यादीत.

---

सिन्नरकर अण्णा | १० जुलै, रात्री ८.१५

आता माझा प्रांत आला. काही वर्षं प्रवेशाच्या पडताळणी केंद्रावर बसलोय, पालकांचे चेहरे पाठ आहेत.

सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, आणि अमेरिकेची यादी यांचे नियम उलटे आहेत, हे आधी डोक्यात बसवा. तिकडे प्रत्येक नावाला पैसे आणि निबंध लागतो, म्हणून मोजकी भरायची. इकडे कॅपमध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात आणि एक जास्त भरल्याने काही बिघडत नाही. मशीन तुमचा पहिला पर्याय बघतं, तिथे बसत नसेल तर दुसरा, मग तिसरा. वर 'अशक्य' कॉलेज टाकलं म्हणून खालच्या शक्य कॉलेजची जागा जात नाही. तरी दरवर्षी पालक गेल्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने फॉर्म भरतात! जिथे पोराला जायचंय तो क्रम असू द्या, कटऑफ फक्त यादी खाली कुठपर्यंत न्यायची ते ठरवायला.

आता मेख. २०२५ पासून नियम असा की पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी, तर ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे वरचे सहा पर्याय डोळे मिटून 'हो' म्हणता येतील असेच हवेत. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून चौथ्या नंबरला टाकलेलं कॉलेज तिसऱ्या फेरीत गळ्यात पडतं, मग आमच्या टेबलाशी येऊन रडारड. यंदाची माहितीपुस्तिका येईल ती मात्र स्वतः वाचा, नियमात दरवर्षी काहीतरी हलतं.

तुमच्या मुलीने बारावी नाशिकमध्येच ठेवली हे उत्तम. होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून झाली त्यावर ठरते. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत, त्यामुळे पुण्यातल्या संलग्न कॉलेजांच्या होम युनिव्हर्सिटीच्या जागा तिला खुल्या. लातूरला बारावी केलेल्या इथल्या पोरांची होम युनिव्हर्सिटी नांदेडची होते, हे त्यांना ऑप्शन फॉर्म भरताना कळतं.

इतर वाचकांसाठी: घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षणशुल्क माफीच्या जागांचा) चॉइस कोड वेगळा असतो, तो साध्या कोडच्या वर वेगळा भरायचा. एक भरला की दुसरा आपोआप धरला जात नाही.

---

कोडगा | १० जुलै, रात्री ९.००

कॉलेज की शाखा? पुण्याच्या सीओईपीची मेटलर्जी की नाशिकचं कॉम्प्युटर?

---

सिन्नरकर अण्णा | १० जुलै, रात्री ९.०४

या विषयावर दर जूनला दोनशे प्रतिसादांचा धागा निघतो. तिथे जा.

---

शून्याचा शोध | १० जुलै, रात्री ११.३०

कुणीच कसं बोललं नाही अजून? मुलीला गणिताचं वेड आहे आणि चर्चा चाललीय सीईटीच्या कोडची!

चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट). गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची एकत्र बीएस्सी ऑनर्स, अगदी तिला हवी तीच जोडी. आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट): कोलकात्याला बी.स्टॅट, बंगळूरला बी.मॅथ. फी नाममात्र, वर विद्यावेतन मिळतं. बंगळूरचं आयआयएस्सी: तिथे गणित आणि संगणनाचं बी.टेक. २०२२ मध्ये सुरू झालं, प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर. पुण्याला आयसर ही विज्ञानसंस्था आहे, त्याची स्वतंत्र परीक्षा. आयआयटी कानपूरने तर २०२५ पासून ऑलिंपियाडच्या वाटेने थोड्या जागा दिल्या आहेत. ती वाट आयएनएमओच्या पुढच्यांची, पण बारावीतही आयओक्यूएमला बसता येतं का ते होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर बघा.

सीएमआय-आयएसआयचे पेपर जेईईसारखे नसतात. सिद्धता लिहायच्या असतात. आरएमओची तयारी केलेल्या पोरीला जेईईच्या गर्दीतून बाहेर पडून इथे खरी धार दाखवता येते. मला विचाराल तर तिच्या यादीत आयआयटीच्या बरोबरीने हे वरच हवं. 'बीएस्सी' या शब्दाने नातेवाईक नाकं मुरडतात, मुरडू देत.

---

त्रिकोणमिती | ११ जुलै, सकाळी ८.१०

शून्याचा शोध यांना दहादा अनुमोदन. आणि यादीच्या दृष्टीने बघा: जेईई आणि सीईटी एकाच जातीच्या परीक्षा. मेनचा दिवस वाईट गेला की बहुधा सीईटीचाही जातो. आयएसआयचा पेपर वेगळं काहीतरी तपासतो. समतोल यादी म्हणजे जिथे सगळे निकाल एकाच कारणाने कोसळणार नाहीत अशी यादी. वर-मधे-खाली असे तीन रंग मारले की समतोल झाला असं नाही.

---

रानवाटा | ११ जुलै, सकाळी १०.४५

जर्मनीचा विचार झाला का? सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाही (बाडेन-व्युर्टेंबर्ग आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ युरोपबाहेरच्या मुलांकडून घेतात). व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे बजेटात बसतं. आपल्या बारावीवर थेट प्रवेश सहसा नाही, पण जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पात्र असेल तर तांत्रिक शाखांना थेट दार उघडतं. पदवीचं शिक्षण बहुतांशी जर्मनमधून, ही खरी अडचण. बारावीच्या वर्षात नवी भाषा? मला तरी कठीण वाटतं.

सिंगापूरचंही ऐकू येईल. तिथे सरकारी अनुदान घेतलं तर शिक्षणानंतर ३ वर्षं सिंगापूरमधल्या कंपनीत काम करण्याचा करार असतो, आणि अनुदान वजा जाऊनही १५ लाखांत भागणं अवघड.

---

निफाडची थंडी | ११ जुलै, दुपारी ३.२५

गंगापूररोडची ताई, मी या गाड्यातून गेलेली आई आहे. मुलाने दोन्हीकडे केलं होतं, शेवटी इथेच राहिला आणि मजेत आहे. त्यामुळे माझं बोलणं यादीपेक्षा कॅलेंडरबद्दल.

कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला उघडतं. अर्ली अर्जांची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला. त्याच जानेवारीत जेईई मेनची पहिली फेरी. फेब्रुवारीत बोर्ड. एप्रिलमध्ये मेनची दुसरी फेरी, सीईटी, मे महिन्यात अ‍ॅडव्हान्स्ड आणि शून्याचा शोध यांची सगळी मंडळी. एक ६५० शब्दांचा मुख्य निबंध आणि वर प्रत्येक कॉलेजचे छोटे निबंध. एक कॉलेज वाढवलं की त्या पोरीचा निदान एक रविवार जातो. म्हणून मी म्हणेन तिकडची सहा ते आठ, बस. दिवाळीच्या सुट्टीत सगळे निबंध संपलेले असायला हवेत. डिसेंबरात निबंध लिहिणाऱ्या मुलांचा जानेवारीचा मेन बसतो खड्ड्यात.

आता यातली चांगली गोष्ट. तिकडचे निकाल मार्चअखेरपर्यंत येतात, होकार कळवायची तारीख १ मे. म्हणजे तिकडे सगळीकडून नकार आला तरी इथल्या बऱ्याच परीक्षा बाकी असतात. त्यामुळे अमेरिकेत 'सेफ' शोधत पैसे घालवायची गरजच नाही, ओझर ते ओहायो म्हणाले तसं. पण उलट बाजूही बघा: तिकडचा होकार आला तर १ मेला ठरवावं लागेल, तेव्हा अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल नसेल. 'स्मिथ पूर्ण मदतीसह की कदाचित आयआयटी?' हा वाद आत्ता, जुलैमध्ये, घरात बसून घाला. एप्रिलच्या उकाड्यात घालू नका.

जिथे मिळालं तर ती आयआयटी सोडून जाणार नाही, असं कॉलेज यादीत ठेवूच नका. या एका प्रश्नाने आमची यादी अर्ध्यावर आली होती.

---

उंटावरचा शहाणा | ११ जुलै, दुपारी ३.४०

चिवडा संपला, पण हा शेवटचा परिच्छेद प्रिंट काढून फ्रिजवर लावण्यासारखा आहे.

---

गंगापूररोडची | १३ जुलै, रात्री ९.५०

दोन दिवस घरात नुसती यादी चालू होती. लेकीने स्वतः केलेली मांडते, झोडपा.

भारत आधी. जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटीची एकत्रित प्रवेशफेरी, तिथे पर्यायांना मर्यादा नाही म्हणून मनाच्या क्रमाने. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या, तो आधार. मुलींच्या वाढीव जागांचाही. सीएमआय, आयएसआय, दोन्हीचे फॉर्म नक्की. बिटसॅट (बिट्स पिलानीची परीक्षा). सीईटी: सीओईपी, व्हीजेटीआय, एसपीआयटी, पीआयसीटी आणि मग, सासूबाईंच्या आनंदासाठी, के. के. वाघ. शेवटचं ती चेष्टेत म्हणाली, पण मी विचारलं की खरंच तिथे कॉम्प्युटर मिळालं तर जाशील का. थोडा वेळ घेऊन "हो, घरून जाईन आणि गणित ऑनलाइन चालू ठेवीन" म्हणाली. म्हणजे तिथपर्यंत पाया पक्का.

अमेरिका: एमआयटी, प्रिन्स्टन, अ‍ॅम्हर्स्ट, वेलस्ली, स्मिथ, ब्रिन मॉर, माउंट होल्योक, ग्रिनेल. कार्नेगी मेलन काढताना डोळ्यांत पाणी होतं. स्टॅनफर्ड तिने स्वतःच काढलं, निबंध फार म्हणून!

---

ओझर ते ओहायो | १४ जुलै, सकाळी ७.००

आता ही तुमच्या घराची यादी झाली. दोन सूचना.

एमआयटी, प्रिन्स्टन, अ‍ॅम्हर्स्ट तिन्ही ठेवायची तर ठेवा, पण ती लॉटरी. तिघांतलं एक काढून ती ताकद स्मिथ किंवा ब्रिन मॉरच्या निबंधात घातली तर जास्त फळ. मी अ‍ॅम्हर्स्ट काढीन, कारण त्याच संघातली दोन कॉलेजं यादीत आहेतच.

दुसरं, अर्ली डिसिजन. हा करार असतो: घेतलं तर जायचं, बाकीचे अर्ज मागे. गरज बघणाऱ्या लहान कॉलेजांत याने शक्यता थोडी वाढते असं सर्वसाधारण मत आहे. मिळालेली मदत पुरत नसेल तर करारातून सुटता येतं, त्यामुळे पैशाची भीती नको. भीती हवी ती दुसरी: डिसेंबरात स्मिथचा होकार आला तर जेईई, आयएसआय सगळं तिथेच संपलं. ती तयार आहे का? नसेल तर अर्ली डिसिजन नको, कितीही फायदा असला तरी.

खर्चाचंही सांगतो. सीएसएस प्रोफाइल नावाचा आर्थिक अर्ज भरावा लागतो, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. स्मिथ, ग्रिनेल अर्जाची फी घेत नाहीत. प्रोफाइलमध्ये उत्पन्न, घर, गावची शेती सगळं खरं लिहा. 'गरज' कॉलेज त्यांच्या सूत्राने ठरवतं, तुमचे १५ लाख त्यांच्या हिशेबात २० निघाले तर ती झळ सोसावी लागते. म्हणून मदतीचं पत्र हातात येईपर्यंत कुणालाही पेढे वाटू नका.

---

शून्याचा शोध | १४ जुलै, सकाळी ११.१५

अर्ली डिसिजन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. सतरा वर्षांच्या मुलीला ऑक्टोबरात आयएसआयचं दार बंद करायला लावायचं, तेही तिने तो पेपर बघायच्या आधी? दोन-चार टक्क्यांसाठी?

---

निफाडची थंडी | १४ जुलै, दुपारी १२.००

सहमत. ताई, लेकीला या सुट्टीत आयएसआयचा एखादा जुना पेपर सोडवायला बसवा. उठताना चेहरा कसा आहे बघा, मग अर्ली डिसिजनचं ठरवा.

---

गंगापूररोडची | १९ जुलै, रात्री १०.०५

पेपर सोडवला. जेवायला हाक मारली तर आली नाही. अर्ली डिसिजन रद्द. अ‍ॅम्हर्स्टही काढलं.

आता वेगळीच अडचण. कॉमन अ‍ॅपला शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल, नववीपासूनचे गुण आणि शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. आमच्या ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक नावाचं पदच नाही. नववी-दहावी दुसऱ्या शाळेत. क्लासचे गणिताचे सर पत्र द्यायला एका पायावर तयार आहेत, त्यांचं चालेल का?

---

निफाडची थंडी | १९ जुलै, रात्री १०.४०

समुपदेशक नसेल तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य त्या जागी चालतात. त्यांना आधी समजावून सांगावं लागतं की हे बोनाफाइड नाही, मुलीबद्दल परिच्छेद लिहायचा आहे आणि ऑनलाइन स्वतः भरायचा आहे. कॉलेजचा अधिकृत ईमेल असेल तर उत्तम. सोबत कॉलेजची एक पानी ओळख लागते: किती विद्यार्थी, कोणतं मंडळ, गुण कसे देतात. ती बहुधा तुम्हालाच टाइप करून त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासाठी द्यावी लागेल.

नववी-दहावीचे गुण जुन्या शाळेकडून शिक्क्यासह घ्या आणि ज्युनिअर कॉलेजकडे द्या, ते सगळे एकत्र पाठवतील. विषयांची दोन पत्रं कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या शिक्षकांचीच हवीत. क्लासच्या सरांचं 'इतर शिफारस' म्हणून जास्तीचं जोडता येतं, जिथे कॉलेज घेत असेल तिथे. आणि हे सगळं गणपतीच्या आधी हातात येईल असं बघा. नंतर परीक्षा, नवरात्र, दिवाळी, ऑफिसात कुणी सापडत नाही.

---

सिन्नरकर अण्णा | २० जुलै, सकाळी ७.२०

एवढे कागद गोळा करताय तर त्याच फेरीत डोमिसाइल आणि नॅशनॅलिटीचा दाखला काढला आहे का बघा. नसेल तर आपले सरकारवरून आजच अर्ज टाका. पुढच्या जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते.

---

गंगापूररोडची | २० जुलै, सकाळी ८.०२

नाही काढलेलं, अण्णा. सोमवारी रजा टाकते.